लागण, विलग, अलग: तिघांचं कूळ एकच

प्रश्न असा आला आहे: साथ पुन्हा उसळू नये म्हणून काढायच्या पत्रकात 'विलगीकरण' लिहावं की 'अलगीकरण'? आणि 'पुनर्उद्रेक' चालेल का?

दोन्ही लिहा, पण आपापल्या जागी. आजाऱ्याला वेगळं ठेवणं ते विलगीकरण. त्याच्या संपर्कात आलेल्या, पण अजून धडधाकट दिसणाऱ्याला वेगळं ठेवणं ते अलगीकरण, म्हणजेच क्वारंटीन. 'संपर्कातील व्यक्तींना विलगीकरण करण्यात आले' हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. शब्द चुकीचा तो चुकीचाच, वर विभक्तीही गेली. व्यक्तींचं अलगीकरण करतात, किंवा त्यांना अलगीकरणात ठेवतात.

हा कीस उगाच पाडत नाही. 2003 च्या सार्स या श्वसनरोगाच्या साथीत रुग्ण मुख्यतः लक्षणं दिसू लागल्यावरच विषाणू पसरवायचा. रुग्ण हुडकून वेगळे काढण्यावर बरंचसं भागलं आणि जुलैपर्यंत साखळी तुटली. कोविडमध्ये माणूस लक्षणांच्या साधारण दोन दिवस आधीपासूनच विषाणू वाटत फिरतो, त्यामुळे नुसतं विलगीकरण केलं तर वरातीमागून घोडं. लाट ओसरल्यावर रुग्ण मोजके असतात, तेव्हाच प्रत्येकाचे संपर्क शोधून त्यांचं अलगीकरण जमतं. आकडा फुगला की शोधणारी माणसं पुरत नाहीत.

असो. खरी गंमत व्युत्पत्तीत आहे. शुद्धतावादी म्हणतात, 'अलग' हिंदी, त्याला 'ईकरण' जोडणं म्हणजे संकर. 'विलग' मात्र सोवळा. अहो, अलग आला संस्कृत 'अलग्न'वरून: न चिकटलेला. आणि तुमच्या सोवळ्याचा जवळचा नातेवाईक 'विलग्न' संस्कृतात चिकटलेला, लटकलेला या अर्थाने येतो! 'वि' दर वेळी तोडतोच असं नाही. विख्यात माणूस अप्रसिद्ध असतो का? मराठीने विलगला 'सुटा' हा अर्थ दिला, तो पक्का झाला, माझी तक्रार नाही. पण त्याच्या जोरावर अलगला हिणवू नका.

या सगळ्यावर कडी म्हणजे 'लागण'. तीही याच 'लग्', म्हणजे चिकटणे, या धातूची. लग्न, संलग्न, लागट हे तिचे भाऊबंद. रोग आणि त्यावरचे दोन्ही उपाय एकाच धातूतून निघावेत, हे भाग्य किती भाषांना लाभलं असेल? म्हणून अलगीकरण मला क्वारंटीनपेक्षा सरस वाटतं. क्वारंटीन नुसते दिवस मोजतो, व्हेनिसच्या बोलीतले चाळीस; 1377 साली रगुसाने (आजचं क्रोएशियातलं दुब्रोव्हनिक बंदर) नियम केला तो तर तीसच दिवसांचा होता. कोविडमधल्या चौदा दिवसांच्या मुक्कामालाही 'चाळीस' म्हणत राहायचं, हा कुठला न्याय? अलगीकरण काय करायचं ते थेट सांगतं: लागू नका.

हं, 'पुनर्उद्रेक'. नाही चालणार. संधी करा: पुनरुद्रेक.