आधी कारण, मग भाव

प्रिय,

तुझं पत्र काल मिळालं. भिंतीला ओल आली आहे, कोणाच्या तरी ओळखीतून एक कंत्राटदार येऊन पाहून गेला, बोलायला चांगला वाटला, आता काम त्याला द्यावं का, असं विचारलंयस. उत्तर देण्याआधी मला एवढं सांग : तो भिंतीसमोर किती वेळ होता, आणि भिंतीच्या पलीकडे काय आहे ते बघायला गेला का?

हे न बघता मी एकदा फसले आहे. आलेल्या माणसाने दोन मिनिटांत "वॉटरप्रूफ रंग मारून देतो" म्हणून सांगितलं. भाव बरा वाटला, मी हो म्हटलं. काही महिन्यांतच रंगाला फुगे आले आणि प्लास्टरसकट पोपडे गळायला लागले. नंतर आलेल्या मिस्त्रीने आधी पलीकडचं बाथरूम गाठलं, फरश्या ठोकून कुठे पोकळ वाजतात ते ऐकलं, पाणी जायच्या जाळीभोवतीचा सांधा खरवडून बघितला. पाणी तिथून मुरत होतं. पहिल्याने माझ्याशी लबाडी केली की त्याला कळतच नव्हतं, हे मला आजही माहीत नाही. पैसे गेले ते दोन्ही अर्थांनी सारखेच गेले.

तेव्हापासून अनोळखी माणूस आला की तो भाव सांगण्याआधी काय काय विचारतो, इकडे माझं सगळं लक्ष असतं. ओल कधीपासून आहे? पावसात वाढते की बारा महिने सारखीच? भिंतीत पाइप आहे का? वर कोणाचं बाथरूम येतं? जमिनीतून चढणारी ओल साधारण मीटरभर उंचीपर्यंत थांबते आणि भिंतीवर पांढरी क्षाराची भुकटी सोडते. छताजवळचा डाग वेगळी गोष्ट सांगतो. ज्याला काम येतं तो हे प्रश्न विचारल्याशिवाय राहत नाही, आणि "आत्ता नक्की सांगता येत नाही, थोडं फोडून बघावं लागेल" असंही म्हणतो. असं म्हणणाऱ्या माणसावर माझा विश्वास लवकर बसतो.

तूही त्याला विचार. काम झाल्यावर ओल थांबली हे कसं दाखवणार? बाथरूमचं किंवा गच्चीचं वॉटरप्रूफिंग असेल तर पाणी जायची वाट बंद करून २४ ते ४८ तास पाणी साठवून ठेवतात आणि खालून बघतात. वर फरशी बसायच्या आधी ही चाचणी व्हायला हवी. नवं प्लास्टर किती दिवस ओलं ठेवणार? सिमेंटच्या प्लास्टरवर निदान ७ दिवस पाणी मारावं लागतं आणि रंगाआधी ते पुरतं वाळायला साधारण ४ आठवडे द्यावे लागतात. "चार दिवसांत रंगासकट घर ताब्यात" असं कोणी म्हणत असेल तर यातलं काहीतरी तो गाळणार आहे.

त्याने केलेलं एखादं जुनं काम बघायला माग. गेल्या महिन्यातलं नको, एक पावसाळा काढलेलं दाखव म्हणावं. आणि त्या घरच्यांना एकच विचार : नंतर काही बिघडलं तेव्हा हा फोन उचलून आला का?

कोटेशन लेखी घे. "भिंतीचं काम, एकूण इतके" ही चिठ्ठी झाली. किती चौरस फूट, कुठला माल, मजुरी वेगळी की मालासकट, राडारोडा कोण उचलणार, आणि वाढीव काम निघालं तर तुला विचारल्याशिवाय सुरू होणार नाही, हे सगळं त्यात हवं. लिहून मागितल्यावर जो चिडतो, त्याला तिथेच नमस्कार कर. "आजच हो म्हणा, उद्या हा भाव नाही" म्हणणाऱ्यालाही तसाच. आणि भिंत पाडायची किंवा बीम, कॉलमला हात लावायची भाषा कोणी सहज करत असेल, तर कंत्राटदार कितीही भला असो, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखव. इथे माझं ऐकच.

पैशाबाबत फार ताणूही नकोस. आगाऊ काहीच देणार नाही म्हटलंस तर तो माल कुठून आणेल? पहिला हप्ता मालापुरता दे, जमलं तर दुकानदाराला परस्पर दे आणि बिल आपल्या नावावर घे. पुढचे हप्ते झालेलं काम बघून, आणि शेवटचे ५ ते १० टक्के चाचणी होईपर्यंत हातात ठेव. पण जे ठरलं ते त्या दिवशी दे. तोही अनोळखी घरात बिगारी आणि सामान घेऊन येतो, त्यालाही तुझी खात्री नसते. भाव इतका पाडलास की त्याला काही उरत नाही, तर तो ती कसर सिमेंटमध्येच काढणार.

मोठं काम एकदम देऊ नकोस. आधी बाथरूमच्या सांध्यासारखं एखादं छोटं काम तेवढं करून घे. वेळेवर येतो का, जाताना जागा झाडतो का, न विचारता काय बदलतो, हे त्या दोन दिवसांत दिसेल.

तो परत यायच्या आधी एक कर. रात्री सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा आणि टाकीतली पातळी लिहून ठेव, सकाळी कोणी नळ उघडायच्या आत पुन्हा बघ. काहीही हललं असेल तर बहुधा नळांना पाणी आणणारा, सतत भरलेला पाइप गळतोय. काहीच हललं नसेल तर सांडपाण्याची वाट, बाथरूमची जमीन किंवा बाहेरून येणारं पाणी, तिकडे शोधायचं. त्या भिंतीत विजेचा बोर्ड असेल तर त्याचा पुरवठा आजच मेन बोर्डावरून बंद करून ठेव. दोन्ही आकडे आणि भिंतीचा फोटो मला पाठव, कोटेशन आलं की तेही. मिळून वाचू.

तुझी,
मावशी