इंग्लंडमध्ये बाळंतपण: येण्याआधी एवढं जाणून घ्या

तुम्ही विचारलंय, नवऱ्याला बर्मिंगहॅमला नोकरी लागली आहे, तुम्ही डिपेंडंट व्हिसावर येताय, वर्षभरात बाळाचा विचार आहे. तिकडे बाळंतपण फुकट आणि सुरक्षित असतं ना?

फुकट म्हणजे, व्हिसाच्या वेळी मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार भरलेला असतो, म्हणून एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, वेगळं बिल लावत नाही. सुरक्षितही आहे, पण सगळ्यांना सारखं नाही. इथे प्रत्येक मातामृत्यूची चौकशी होते. ही चौकशी करणाऱ्या एमब्रेस-यूके या राष्ट्रीय प्रकल्पाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगताहेत की गोऱ्या बायकांच्या तुलनेत कृष्णवर्णीय बायकांमध्ये हे प्रमाण दुपटीहून जास्त आहे आणि आशियाई बायकांमध्येही ते जास्त राहिलं आहे.

मलाही आधी वाटलं, आपल्यात मधुमेह जास्त म्हणून असेल. पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. गरीब वस्त्यांमध्ये मातामृत्यू सधन वस्त्यांच्या सुमारे दुप्पट होतात, आणि नव्याने आलेली पुष्कळ कुटुंबं तिथेच राहतात. भाषा अडली की दुभाष्याच्या जागी नवरा बसतो आणि त्याच्यादेखत बाई अंगावरून जाण्याबद्दल बोलतच नाही. अंग फिकट पडणं, कावीळ ही लक्षणं गोऱ्या कातडीवरूनच शिकवली गेलेली. आणि दुखतंय म्हटलं की "होतं असं".

मला इंग्रजी येतं, नोकरी होती, तरी हेच ऐकलं. धाकटीच्या वेळी नवव्या दिवशी पोटरी सुजली. फोनवर म्हणाले, विश्रांती घ्या. शेजारची मल्याळी नर्स दुसऱ्या दिवशी बाळाला बघायला आली, तिने पाय पाहिला आणि मला तशीच गाडीत घालून नेलं. रक्ताची गुठळी होती. इथल्या मातामृत्यूंच्या मुख्य कारणांत गुठळ्या येतात, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

म्हणून आल्या आल्या जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव घाला. दिवस राहिले की दहाव्या आठवड्याच्या आत मिडवाइफची (प्रशिक्षित सुईणीची) पहिली भेट व्हायला हवी. दुभाषी फुकट मिळतो. चांगलं इंग्रजी येत असलं तरी कळांमध्ये सुचेलच असं नाही, आधीच मागून ठेवा. आईंना बोलावणार असाल तर बाळंतपणानंतरचे सहा आठवडे त्या इथे असतील असं तिकीट काढा, कारण धोका बाळ झाल्यावर संपत नाही.

मॅटर्निटी ट्रायएजचा, म्हणजे हॉस्पिटलच्या प्रसूती विभागातल्या तातडीच्या कक्षाचा, नंबर नवऱ्याच्या फोनमध्येही ठेवा. पाय सुजला, ताप आला, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली तर फोन करा. "नॉर्मल आहे" म्हणाले आणि मन मानत नसेल तर पुन्हा करा, नाहीतर सरळ जा. छातीत दुखलं किंवा दम लागला तर थेट ९९९, म्हणजे इथल्या ॲम्ब्युलन्सच्या आणीबाणीच्या नंबरला, फोन.