तक्त्यापेक्षा इंजिन बघ

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा लेख वाचला. आपलं तेजस, स्वीडनचं ग्रिपेन आणि पाकिस्तानचं जेएफ-17 या लढाऊ विमानांच्या तुलनेसाठी मेहनत घेतली आहेस, पण सगळा भार तक्त्यावर टाकलास तिथे मी अडखळलो. वेग, पल्ला, शस्त्रभार हे आकडे माहितीपत्रकातले असतात. त्या वेळी टाकीत इंधन किती होतं, पंखांखाली काय टांगलं होतं, हे तिथे कुणी छापत नाही. माझं मत असं, की लढाऊ विमानाच्या बऱ्याचशा मर्यादा इंजिनाच्या निर्णयातच ठरून गेलेल्या असतात. वादात उतरायचं तर तिथून उतर.

मारुत या आपल्या जुन्या लढाऊ विमानाचं उदाहरण घे. तुझ्या लेखात ते नाहीच, याचं नवल वाटलं. कुर्ट टँक या जर्मन अभियंत्याने बंगळूरला एचएएल या सरकारी विमान कारखान्यात त्याचा आराखडा केला आणि 17 जून 1961 रोजी ते प्रथम उडालं. हवाई दलाला ध्वनीच्या दुप्पट वेग हवा होता. आराखडा ज्या आफ्टरबर्नरवाल्या (म्हणजे मागे जादा इंधन जाळून जोर वाढवणाऱ्या) ऑर्फियस इंजिनाच्या भरवशावर केला, त्याचं काम ब्रिटिशांनी मध्येच सोडलं आणि उरलेला खर्च उचलायला आपलं सरकार तयार झालं नाही. मग दोन साधी ऑर्फियस 703 बसवली. इजिप्तच्या इंजिनाचाही प्रयोग झाला, तोही बारगळला. विमान ध्वनीच्या वेगापर्यंत पोचतापोचताच दमायचं. तरी त्याची बांधणी इतकी चांगली होती, की 1971 मध्ये राजस्थानच्या आघाडीवर जमिनीलगतच्या हल्ल्यांत त्याने चोख काम केलं. एकूण 147 बनली. याला नापास म्हणशील? मी म्हणणार नाही. पण ज्या कामासाठी मागितलं होतं ते त्याच्याकडून कधीच झालं नाही, हेही लिहावं लागेल.

आता तेजस. 1983 मध्ये मंजुरी, 4 जानेवारी 2001 रोजी पहिलं उड्डाण, 2016 मध्ये पहिली स्क्वाड्रन, म्हणजे विमानांची तुकडी. या लांबणीवर सगळेच तोंडसुख घेतात. पण आराखडा झाला तो स्वदेशी कावेरी इंजिन मिळेल असं धरून. ते पुरेसा जोर देईना, वजनही वाढलं, आणि 2008 च्या सुमारास त्याला तेजसपासून वेगळं केलं. उडालं ते अमेरिकी एफ-404 वर. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ग्रिपेनच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांतही त्याच इंजिनाचा स्वीडिश अवतार आहे. फरक एवढाच, की स्वीडनने तो निर्णय आरंभीच घेतला.

परावलंबनाची किंमत मात्र चुकत नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये तेजसच्या मार्क-1ए या सुधारित आवृत्तीच्या 83 विमानांचा करार झाला, त्याच वर्षी 99 इंजिनांची मागणी गेली. विमानं 2024 पासून यायची होती. पहिलं इंजिनच मार्च 2025 मध्ये पोचलं.

शेपटीविना त्रिकोणी पंखाबद्दल तू एका ओळीत 'सदोष' म्हणून मोकळी झालीस. तो पंख एकदम झटक्यात वळायला उत्तम, पण वळण धरून ठेवायचं तर ओढ वाढते, वेग गळतो आणि इंजिनाचा जोर लागतो. म्हणजे पुन्हा तिथेच आलो. नौदलाने 2016 मध्ये तेजस विमानवाहू जहाजासाठी जड पडतं म्हणून नाकारलं, त्यामागेही वजन आणि जोर यांचंच गणित होतं. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने 2015 च्या अहवालात तेजसच्या मार्क-1 या पहिल्या आवृत्तीमधल्या 53 उणिवा मोजल्या. तो अहवाल मुळातून वाच, त्यावरच्या बातम्या नकोत. कुठली उणीव आराखड्यातली, कुठली नुसती अजून न जोडलेल्या उपकरणाची, हे बातमीत कळत नाही.

खरेदीच्या भांडणात फार अडकू नकोस. 2007 मध्ये 126 विमानांची निविदा निघाली, 2012 मध्ये फ्रान्सचं राफेल निवडलं, भारतात बांधायच्या 108 विमानांची हमी कुणी द्यायची यावर घोडं अडलं, आणि 2016 मध्ये 36 घेतली. एवढं पुरे. तुझ्या वाचकाला हे सांग, की मंजूर स्क्वाड्रन 42 असताना सप्टेंबर 2025 मध्ये मिग-21 निवृत्त झाल्यावर 29 उरल्या. त्या मिगपैकी कित्येक आपल्या ओझरला बांधली गेली आणि आता तिथेच मार्क-1ए च्या बांधणीची तिसरी साखळी सुरू आहे. नाशिकचे असून आपण हे लिहायचं नाही तर कुणी?

बोलायचं असेल तर वैमानिक आणि जमिनीवरचा तंत्रज्ञ, दोघांशी वेगवेगळं बोल. वैमानिक विमानावर प्रेम करतो, आणि ते दुरुस्तीला किती तास उभं असतं हे दुसराच सांगतो.

एएमसीए या नव्या विमानाच्या इंजिनासाठी फ्रान्सच्या साफ्रानबरोबर एकत्र काम करण्याचं 2025 मध्ये जाहीर झालं आहे. पुढचा लेख त्यावर कर. तंत्रज्ञान हातात कितपत येणार, पैसे कोण किती घालणार आणि इंजिन लांबलं तर विमान कशावर उडणार, हे तीन प्रश्न घेऊन कागदपत्रं शोधायला लाग. खर्डा महिनाअखेरीस पाठव.

तुझा,
काका