के-1 व्हिसावर (अमेरिकन नागरिकाशी लग्न ठरलेल्यांना मिळतो तो) लग्नासाठी अमेरिकेत जातेय, एअरपोर्टवर इमिग्रेशनला काय विचारतात?

आधी एक सांगते, घाबरू नका. खरी मोठी मुलाखत कॉन्सुलेटमध्ये होऊन गेलेली असते, पण आत सोडायचं की नाही हे शेवटी काउंटरवरचा ऑफिसरच ठरवतो, त्यामुळे जे विचारेल त्याला सरळ आणि खरं उत्तर द्या. कुठे भेटलात, लग्न कधी, राहणार कुठे, होणारा नवरा काय काम करतो असलंच विचारतात. बाजूच्या खोलीत बसवलं तरी टेन्शन नको, के-1 वाल्यांचे पेपर तपासायला बऱ्याचदा तिकडे पाठवतात.

कॉन्सुलेटने सीलबंद पाकीट दिलं असेल तर ते अजिबात फोडायचं नाही आणि चेक-इन बॅगेत तर मुळीच टाकू नका, हातातल्या बॅगेतच ठेवा. अमेरिकेतल्या पहिल्या एअरपोर्टवरच हे सगळं होतं, पुढची फ्लाइट असेल तर मध्ये निदान तीन-चार तास ठेवा बाई, नाहीतर उगाच जीव टांगणीला लागतो.

आत गेलात की 90 दिवसांत लग्न करायचं, ते पण ज्याने तुमच्या के-1 साठी अर्ज भरलाय त्याच्याशीच, आणि ही मुदत वाढवून मिळत नाही. आय-94 (अमेरिकेत आल्याची सरकारी नोंद) ऑनलाइन काढून त्यावर नाव आणि तारीख बरोबर आहे ना ते लगेच बघा, लग्नानंतर ग्रीन कार्डच्या अर्जाला लागतं. आणि तो ग्रीन कार्डचा अर्ज भरल्यावर अॅडव्हान्स परोल (बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी) हातात येईपर्यंत देशाबाहेर पडू नका, व्हिसा एकाच एन्ट्रीचा असतो.

कोणी म्हणालं की टुरिस्ट व्हिसावर जा आणि तिकडे लग्न करून राहा, तर ऐकू नका, ऑफिसरला हेतू खोटा सांगितला तर कायमची बंदी येऊ शकते.