पूर्ण मॅरेथॉनकडे वळण्याचे योग्य वय कोणते?

आपण विचारले आहे की, पोलीस भरतीच्या सरावात १६०० मीटर आणि तालुक्यातील १० किलोमीटरच्या स्पर्धांमध्ये आपला पहिला क्रमांक येतो, वय १९ आहे, तर आता थेट ४२.१९५ किलोमीटरच्या मॅरेथॉनची तयारी सुरू करावी का, आणि जगातील मोठ्या धावपटूंनी ती केव्हा सुरू केली. मी परभणीत लांब पल्ल्याच्या धावपटूंना प्रशिक्षण देतो. माझे मत स्पष्ट आहे : इतक्यात करू नये. पुढील काही वर्षे ५,००० आणि १०,००० मीटरला द्यावीत.

केनियाच्या एलियुड किपचोगे यांची कारकीर्द या दृष्टीने नीट पाहावी. २००३ मध्ये वयाच्या अठराव्या वर्षी त्यांनी पॅरिसला ५,००० मीटरचे विश्वविजेतेपद मिळवले, त्यानंतर अथेन्स ऑलिंपिकमध्ये कांस्य आणि बीजिंगमध्ये रौप्यपदक जिंकले. परंतु २०१२ च्या लंडन ऑलिंपिकसाठी केनियाच्या संघात त्यांची निवड झाली नाही, आणि त्यानंतरच, २०१३ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ते हॅम्बुर्गला पहिली मॅरेथॉन धावले व जिंकले. पुढे रिओ आणि टोकियो या दोन्ही ऑलिंपिकमध्ये त्यांना मॅरेथॉनचे सुवर्णपदक मिळाले आणि २०२२ मध्ये बर्लिनला त्यांनी २ तास १ मिनिट ९ सेकंद हा तेव्हाचा विश्वविक्रम केला. या वेळेचा हिशेब केला, तर प्रत्येक किलोमीटरला सुमारे २ मिनिटे ५२ सेकंद पडतात. हाच धावपटू तरुणपणी ५,००० मीटर १२ मिनिटे ४७ सेकंदांच्या आत, म्हणजे किलोमीटरला सुमारे २ मिनिटे ३३ सेकंदांच्या गतीने धावलेला होता. मॅरेथॉनची गती त्याच्या कमाल गतीच्या बरीच आत राहिली, म्हणूनच ती शेवटपर्यंत टिकली. ट्रॅकवर कमावलेला हा वेग अंगात नसताना अंतर वाढवले, तर ४२ किलोमीटर पूर्ण होतात, पण पदकाच्या जवळ जाता येत नाही.

आपल्या बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे यांचेही उदाहरण घ्यावे. बारावीनंतर सैन्यात गेल्यावर ते क्रॉसकंट्री (मैदानी, उंचसखल वाटेवरची दौड) आणि मग ३,००० मीटर स्टीपलचेसकडे (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडण्याची शर्यत) वळले, आणि स्टीपलचेसपटू असतानाच २०२० मध्ये दिल्लीत त्यांनी १ तास ३० सेकंदांत अर्धमॅरेथॉन पूर्ण करून राष्ट्रीय विक्रम केला. परभणीच्या ज्योती गवते यांनी २०१७ मध्ये मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला आहे, तेव्हा मराठवाड्यातून हे होत नाही, असे कोणी म्हणत असेल तर ते मनावर घेऊ नये.

अनवाणी सराव करणाऱ्या मुलांकडून इथिओपियाचे मॅरेथॉनपटू अबेबे बिकिला यांचे नाव मला नेहमी ऐकावे लागते. १९६० मध्ये रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन ते अनवाणी जिंकले हे खरेच आहे, परंतु १९६४ मध्ये टोकियोला ते बूट घालून धावले आणि तीन मिनिटांहून अधिक लवकर पोहोचले. डांबरी रस्त्यावर बूट घालावेतच.

आपल्या भागातील खरी अडचण बक्षिसांच्या दौडींची आहे. जयंती, यात्रा, वाढदिवस अशा निमित्तांनी त्या हिवाळाभर भरतात, रोख रक्कम मिळते, आणि घरची परिस्थिती पाहता मुलांना ती नाकारणे जड जाते, हे मी समजू शकतो. तरीही दर रविवारी जीव तोडून धावल्यास नडगीचे दुखणे मागे लागते आणि आठवड्याचा सराव मोडतो. महिन्याला एक दौड पुरेशी आहे. आठवड्यातून दोनदा फक्की मारलेल्या ४०० मीटरच्या मैदानावर वेगाचा सराव करावा, एकदा शेतरस्त्याने सावकाश लांब धावावे, आणि मार्च ते जूनमध्ये उजाडण्यापूर्वीच सराव आटोपावा. १० किलोमीटर ३२ मिनिटांच्या आत येऊ लागले की थंडीत एखादी अर्धमॅरेथॉन धावून पाहावी. पूर्ण मॅरेथॉनचा विचार त्यानंतर, विशीच्या मध्यावर केला तरी उशीर होत नाही.