साडूंचं विमान आणि तुमचे पंधरा लाख

चोपडा तालुक्यातल्या एका वाचकांचं पत्र आहे. वय ४७, नऊ एकर शेती, कपाशी आणि केळी. रस्त्यात दीड एकर गेलं, त्याचे १८ लाख एकाच बँकेत बचत खात्यावर पडून आहेत. मुलगी अकरावी सायन्सला. साडूंच्या ओळखीतली एक कंपनी पऱ्हाट्यांपासून, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांपासून, छोट्या विमानांचं इंधन काढणार आहे. १५ लाख घातले तर वर्षाला खात्रीचे २४ टक्के, शिवाय पऱ्हाटी बांधावरून उचलणार. ‘गोंदूर, शिरपूर, जळगाव, तिन्हीकडे विमान चालवायला शिकवतात, गिऱ्हाईक आपल्या दारात आहे,’ असं साडूंचं म्हणणं. पैसे घालू का?

भाऊ, नका घालू. आता कारणं सांगतो, कारण नुसतं ‘नको’ घेऊन तुम्ही साडूंसमोर टिकणार नाही.

साडू थापा मारतात असं मी म्हणत नाही. पऱ्हाटीपासून इथेनॉल होतं, इथेनॉलपासून विमानाचं इंधनही होतं. प्रश्न आहे किती होतं, कितीला पडतं आणि ते कुणाच्या टाकीत जातं.

टाकीपासून सुरुवात करू. सेस्ना १७२ सारखी शिकाऊ विमानं ‘१०० एलएल’ नावाच्या पेट्रोलवर चालतात. त्यात आजही शिसं असतं, कारण त्याशिवाय इंजिनाला लागतं तेवढं ऑक्टेन (इंजिन ठोके न देता जळायची इंधनाची क्षमता) स्वस्तात मिळत नाही. आपल्याकडे हे पेट्रोल बाहेरून यायचं. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने बडोद्याच्या रिफायनरीतलं बाजारात आणलं. विमानात कोणतं इंधन भरायचं हे त्याच्या मंजुरीच्या कागदांतच ठरलेलं असतं. दुसरं भरलं की विमान जमिनीवरच थांबलं, आणि विमा कंपनी हात वर करणार ते वेगळंच. मोटारसायकलीत २० टक्के इथेनॉलचं ई-२० पेट्रोल भरून निघालो, तसं तिथे चालत नाही. त्यात इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, रबराची सीलं खातं आणि लिटरमागे पेट्रोलच्या दोन तृतीयांशच ताकद देतं.

ब्राझीलने हे करून दाखवलंय, खरं आहे. त्यांचं इपानेमा हे फवारणीचं विमान २००४ साली इथेनॉलवर मंजूर झालं. पण इंजिन आणि इंधनाची सगळी व्यवस्था त्या हिशोबाने करून. अमेरिकेत स्विफ्ट फ्युएल्स या कंपनीने सुरुवातीला वनस्पतींपासून शिसं नसलेलं विमान-पेट्रोल काढण्याचा मार्ग धरला होता; आज ती विकते ते ९४ ऑक्टेनचं इंधन मात्र खनिज तेलाचंच. जी १०० यूएल नावाचं दुसरं शिसेविरहित पेट्रोल २०२२ मध्ये अमेरिकेच्या सगळ्या पिस्टन इंजिनाच्या विमानांसाठी मंजूर झालं, तेही खनिज तेलाचंच, आणि त्यामागे दहा वर्षांहून जास्त खटपट होती. तुमच्या साडूंची कंपनी अठरा महिन्यांत विक्री सुरू करणार म्हणते.

आता ‘किती’. पानिपतला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढणारा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. खर्च ९०० कोटींच्या वर. वर्षाला २ लाख टन पेंढा, त्यातून ३ कोटी लिटर इथेनॉल, म्हणजे टनाला १५० लिटर. पऱ्हाटीला तोच उतारा धरू. इथेनॉलचं विमान-इंधन करताना पावणेदोन लिटरचं जेमतेम एक लिटर होतं. एकरी टनभर पऱ्हाटी धरली तर हाती ८५-९० लिटर. सेस्ना तासाला ३०-३५ लिटर पिते. तुमच्या एका एकराची पऱ्हाटी म्हणजे एका विमानाची अडीच-तीन तासांची भरारी. आणि दारातलं गिऱ्हाईक? समजा खानदेशात अशी वीस विमानं वर्षाला सहाशे तास उडाली, तरी सव्वाचार लाख लिटरच्या आसपास खपलं. एवढ्याशा खपासाठी कोण कारखाना टाकेल? आणि टाकलाच, तर २४ टक्के कुठून देईल?

खरी मागणी मोठ्या जेट विमानांच्या इंधनाला आहे. आंतरराष्ट्रीय उड्डाणांत जैव-मिश्रणाचं आपलं उद्दिष्ट २०२७ ला १ टक्का, २०२८ ला २ आणि २०३० ला ५ टक्के आहे. डायमंडसारख्या कंपन्यांची काही छोटी डिझेल-इंजिनाची विमानंही जेट इंधनावर चालतात, त्यामुळे लहान विमानांपर्यंत जैवइंधन पोचायचं तर बहुधा याच वाटेने पोचेल. पण हा रिफायनरीवाल्यांचा खेळ आहे, पंधरा-पंधरा लाख गोळा करणाऱ्यांचा नाही.

मोगली एरंड (जट्रोफा) आठवतो का? २००३ नंतर त्याचा गाजावाजा होता, २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये असल्या बियांच्या तेलाचं २० टक्के जैवडिझेल मिसळायचं ठरलं होतं. माझ्या काकांनी बांधभर लावला. ढोरं तोंड लावत नाहीत म्हणून कुंपण झकास झालं. बी विकत घ्यायला मात्र कुणी फिरकलं नाही.

कागदांचं थोडक्यात. ‘खात्रीचे २४ टक्के’ शेअरवर देता येत नाहीत. आणि ही ठेव असेल, तर अशी ठेव लोकांकडून घ्यायची परवानगी कंपनीकडे आहे का? नसेल तर अनियंत्रित ठेवींवर बंदी घालणाऱ्या २०१९ च्या कायद्यात ते सापडतं. शेअर देत असतील तर तुमच्या नावाचं पीएएस-४ हे प्रस्तावपत्र मागा. शेअरची अशी खासगी विक्री वर्षात २०० जणांपुरतीच करता येते, आणि पैसे बँकेतूनच द्यायचे असतात, रोख नाही. साडूंना सांगा, सल्लागाराने कागद मागितलाय. वाईटपणा माझ्यावर टाका.

१८ लाखांचं असं करा. सगळे एका बँकेत ठेवू नका; ठेव-विम्याचं कवच एका बँकेत ५ लाखांपुरतंच आहे. ३ लाख हाताशी. ७ लाख मुलीच्या शिक्षणाचे, दोन बँकांत वाटून, दर जूनमध्ये एक मुदत संपेल अशा बेताने. ३ लाख शेतीला. ठिबक जुनं झालं असेल तर आधी ते. उरलेले ५ लाख इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकामागे चालणारा म्युच्युअल फंड), वर्षभर थोडे थोडे, आणि सात वर्षं हात लावायचा नाही.

पऱ्हाटीचाच नाद असेल तर शेतीच्या ३ लाखांतून गावच्या शेतकरी कंपनीबरोबर कुट्टी यंत्राचा विचार करा. औष्णिक वीज केंद्रांना कोळशात बायोमासच्या, म्हणजे अशी कुट्टी दाबून केलेल्या, कांड्या मिसळाव्या लागतात, आणि भुसावळजवळचं दीपनगरचं केंद्र काही लांब नाही. पण कांड्या घेणाऱ्याचा लेखी भाव हातात आल्याशिवाय यंत्र घेऊ नका. काहीच जमलं नाही तरी पऱ्हाटी फेब्रुवारीपर्यंत शेतातून काढाच. बोंडअळी तिच्यातच दडून राहते.

तुमचा आयुर्विमा किती आहे, हे पत्रात कुठेच नाही. तेवढं कळवा, म्हणजे ७ लाखांचा आकडा पुन्हा तपासता येईल.