फॉर्म्युला तोच, मग रबर माउंट लवकर का तडकतो?

प्रश्न : आम्ही फाउंड्रीतल्या वाळूच्या चाळणीखाली बसणारे नैसर्गिक रबराचे माउंट (हादरे शोषणारे ठोकळे) बनवतो. १०० भाग रबराला ४५ भाग एन-३३० कार्बन (रबराला बळकटी देणारी काजळी), ५ भाग तेल, २.५ भाग गंधक, ०.६ भाग सीबीएस (गंधकाची क्रिया वेगाने घडवणारे रसायन). प्रत्येक बॅचचा हार्डनेस ६० शोअर ए (रबराचा कडकपणा मोजायचे माप) भरतो. तरीही काही बॅचचे माउंट वर्षभर चालतात, तर काहींना दोन महिन्यांतच चिरा जातात. फॉर्म्युल्यात काय बदलावे?
– एक लघुउद्योजक, कोल्हापूर

उत्तर : फॉर्म्युल्याला सध्या हात लावू नका, आधी मिलवर (रबर मळायच्या दोन रोलांच्या यंत्रावर) काय होते ते पाहा. हार्डनेसवर विसंबू नका. कार्बन नीट न फुटलेल्या बॅचचा हार्डनेस उलट एखाद-दोन अंकांनी जास्तच येतो. अशा बॅचमध्ये कार्बनच्या गुठळ्या राहतात, चाळणीच्या प्रत्येक हेलकाव्याला ताण त्यांच्याभोवती एकवटतो आणि चीर तिथूनच सुरू होते.

तडकलेला माउंट चिरेतून पूर्ण फाडा आणि चीर जिथून निघाली ती जागा भिंगाखाली पाहा. बारीक गोल खळगा दिसला, तर तिथे गुठळी होती. पिवळट ठिपका म्हणजे न मिसळलेले गंधक. चकचकीत सपाट पदर दिसला, तर शीट चिकटू नये म्हणून मारलेली भुकटी आत राहून थर जुळलेले नाहीत.

बहुतेक ठिकाणी घोळ होतो तो तेलाचा. काम लवकर उरकावे म्हणून कार्बन आणि तेल एकत्र ओततात. तेलाने रबर मऊ पडते, रोलमध्ये घसरते आणि गुठळी फोडायला लागणारा जोर मिळत नाही. रोल ७० अंशांच्या आसपास ठेवा. रबराचा पट्टा गुळगुळीत झाला की झिंक ऑक्साइड, स्टिअरिक ॲसिड, मग कार्बन तीन-चार हप्त्यांत. निम्म्याहून जास्त कार्बन मुरल्यावरच तेल. सुटा कार्बन दिसत असेतो काप मारू (रोलवरचा पट्टा सुरीने कापून दुमडू) नका. ट्रेमध्ये सांडलेला झाडून परत त्याच बॅचमध्ये घाला. शेवटी वजन करा : घातलेल्या मालापेक्षा ०.५ टक्क्याहून जास्त फरक आला, तर ती बॅच पुढे पाठवू नका.

गंधक आणि सीबीएस त्याच दमात घालू नका. बॅच थंड होऊ द्या, काही तास विसावू द्या, मग घाला. गंधक ११५ अंशांच्या पुढे वितळते आणि गरम रबरात त्याचे गोळे होतात. गंधक आधी चाळून घ्या, ते घातल्यावर दोन्ही बाजूंनी काप मारा आणि निप (दोन रोलांमधली फट) ०.८ मिमीवर आणून रबराची गुंडाळी उभी धरून त्यातून सहा वेळा सोडा. हे शेवटचे सहा फेरे कंटाळवाणे म्हणून हमखास गाळले जातात. ते गाळू देऊ नका.

मात्र रबर जास्त मळणेही घातकच. लांब साखळ्या तुटतात आणि कंपाउंड (मिसळलेले रबर) दिसायला तुकतुकीत, पण फाटायला सोपे होते. प्रत्येक टप्प्याचे मिनिट भिंतीवर लिहून ठेवा.

प्रश्न : ४० मिमी जाडीच्या माउंटचा क्युरिंग वेळ (गरम साच्यात रबर पिकायचा वेळ) वाचवण्यासाठी प्रेस १७० अंशांवर चालवावी का?

उत्तर : नाही. रबरातून उष्णता फार सावकाश आत जाते. गाभा पिकेपर्यंत बाहेरचे नैसर्गिक रबर रिव्हर्जनने (जास्त उष्णतेने गंधकाचे जोड तुटून) उतरते, आणि चिरा बाहेरूनच पडतात. १४० अंशांवर जास्त वेळ द्या. तापमान १० अंशांनी उतरले की वेळ साधारण दुप्पट लागतो. एका माउंटच्या गाभ्यात थर्मोकपलची तार घालून तिथले तापमान मोजा आणि वेळ त्यावरून ठरवा. तयार माउंट मधोमध कापा. आत बारीक छिद्रे दिसली, तर गाभा पिकायच्या आत प्रेस उघडली आहे.